बाल्साची विमाने कमी खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्सा या फार हलक्या लाकडापासून हाताने करायच्या छोट्या विमानांबद्दलचे हे प्रश्न बहुतेक सातवी ते बारावीच्या मुलामुलींचे आहेत, म्हणून उत्तरांत ‘तू’ म्हटले आहे. काही प्रश्न आई-वडिलांचे आहेत, तिथे अर्थातच ‘तुम्ही’.

मी आठवीत आहे. सुरुवात करायला किती पैसे लागतील?

कुरिअरचा खर्च सोडला तर साधारण पाचशे रुपयांत तीन विमाने व्हावीत. यादी छोटी आहे: ३ मिमी जाडीचे, १०० मिमी रुंद आणि १ मीटर लांब असे बाल्साचे एक शीट, पात्यांसकट एक कटर, पॉलिश पेपरचे तीन-चार तुकडे, फेविकॉलची छोटी बाटली आणि मुलांच्या खेळातली न वाळणारी रंगीत क्ले. स्टीलची पट्टी, गुण्या आणि टाचण्या घरी असतातच.

तयार किट घेण्याची घाई करू नकोस. चांगले किट महाग असते आणि ते पहिल्याच वेळी हातात घेतले तर तुकडे खराब होण्याच्या भीतीने हात आखडतो. शीटचे तसे नाही. एक पंख बिघडला तर दुसरा कापता येतो.

कुरिअरचा खर्च मात्र खरा आहे. लांब शीट मोडू नये म्हणून दुकानदार ते पुठ्ठ्यात किंवा प्लायमध्ये बांधतात आणि कधी कधी पाठवण्याचा खर्च शीटच्या किमतीएवढा होतो. त्यामुळे तीन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून एकदाच मागवा. मीटरभर लांबीची गरज नसेल तर अर्धा-अर्धा मीटर कापून पाठवायला सांगा. पार्सल लहान होते आणि वाटेत मोडतही नाही.

बाल्सा इतका महाग का? आपल्याकडचे दुसरे लाकूड चालणार नाही का?

जगातला बहुतेक बाल्सा दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून येतो. झाड झपाट्याने वाढते, पाच-सात वर्षांत तोडायला येते, पण मागणी फक्त आपल्यासारख्या छंदिष्टांची नाही. पवनचक्क्यांच्या प्रचंड पात्यांच्या गाभ्यातही बाल्सा घालतात. २०२०च्या सुमारास ती मागणी एकदम वाढली तेव्हा जगभर भाव चढले होते.

आपल्याकडची काटेसावर ही बाल्साची दूरची नातेवाईक आहे. तिचे लाकूड हलके, काडेपेट्यांना वापरतात, तरी विमानाला लागते तितके हलके नाही. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्यापासून करत आले, तोही हलका, पण त्याची पातळ आणि सरळ रेषांची शीट बाजारात मिळत नाही. बाशिंगाचे भेंड खूप हलके असते, पण त्यात ताकद नाही. बाल्साचे वैशिष्ट्य हे की वजनाच्या मानाने तो फार ताठ असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ या विमानाचे धड बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा घालून केलेले होते.

म्हणून माझा सल्ला असा: पंख आणि शेपटी बाल्साची कर, आणि धडाची दांडी बांबूची. बांबू जड आहे, पण पातळ तासला की तीन-साडेतीन ग्रॅमची दांडी होते आणि ती विमान भिंतीवर आपटले तरी मोडत नाही. पतंगाच्या कामटीपेक्षा थोडी जाड, म्हणजे साधारण ५ मिमी उभी आणि ३ मिमी रुंद ठेव.

दुकानात दहा शीट समोर ठेवली तर कोणते घ्यायचे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. एकाच मापाच्या, एकाच किमतीच्या दोन शीटांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा कुणाकडे असेल तर मागून घे. विकतही फार महाग नसतो.

हिशोब सोपा आहे. १.५ मिमी × १०० मिमी × १००० मिमी शीटचे घनफळ १५० घन सेंमी. शीट १५ ग्रॅम भरले तर घनता दर घनमीटरला १०० किलो, म्हणजे फार हलके. २४ ग्रॅम भरले तर १६०, म्हणजे मध्यम. ३० ग्रॅम भरले तर २००, म्हणजे कडक. ३ मिमीच्या शीटला वजनाचे आकडे दुप्पट धर. हातफेकीच्या विमानाच्या पंखाला १२० ते १५०च्या आसपासच्या घनतेचे घे. फार हलके घेतलेस तर जोरात फेकताना पंख दुमडेल. शेपटीला त्याहून हलके चालते, नव्हे, हलकेच हवे, कारण शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात त्याहून जास्त क्ले लावावी लागते.

मग रेषा बघ. काही शीटांवर लांबच लांब सरळ रेषा दिसतात, ती रुंदीच्या बाजूने सहज वाकतात. त्यांना ए-ग्रेन म्हणतात, आणि ती गोलाकार भागांवर चढवायला चांगली. काहींवर चमकदार ठिपके-ठिपके दिसतात. ते सी-ग्रेन. ते वाकत नाही, वाकवले तर तडकते, पण सपाट राहते. शेपटीसाठी सी-ग्रेन शोध. शेवटी शीट डोळ्यासमोर आडवे धरून एका टोकाकडून बघ. पिळलेले असेल तर परत ठेव, कितीही हलके असले तरी.

ऑनलाइन घेताना हे निवडणे जमत नाही. तेव्हा ऑर्डरसोबत ‘पंखासाठी मध्यम, शेपटीसाठी हलके’ एवढे लिहायला विसरू नकोस. छंद म्हणून दुकान चालवणारे लोक ते बहुधा ऐकतात.

हत्यारे कोणती?

नवे पाते, हेच खरे हत्यार. बोथट पाते बाल्सा कापत नाही, ते त्याला चेपते आणि फाडते. एका झटक्यात कापायचा प्रयत्न करू नकोस, हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरव. पाते रेषांच्या दिशेने ओढले जाते, म्हणून स्टीलची पट्टी नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेव. पाते सरकलेच तर टाकाऊ बाजूला सरकेल.

पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: १२०, २२० आणि ४०० नंबर. तो हातात धरून घासू नकोस, सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटव. घासताना तोंडाला मास्क लाव. बाल्साची धूळ फार बारीक असते. बांधणी करायला नोटीस बोर्डाच्या सॉफ्टबोर्डचा तुकडा उत्तम, त्यात टाचण्या सहज रुततात. विमानाच्या कागदावरच्या आराखड्यावर वह्यांना घालतो ते पारदर्शक प्लॅस्टिक पसर, म्हणजे विमान कागदाला चिकटणार नाही.

फेविकॉल की फेविक्विक?

बांधायला फेविकॉल, मैदानावर दुरुस्तीला फेविक्विक. फेविकॉल थोडे पाणी घालून पातळ कर आणि दोन्ही कडांना बोटाने चोळून लाव, जाड थर देऊ नकोस. जास्त गोंदाने सांधा मजबूत होत नाही, जड होतो. रात्रभर वाळू दे.

फेविक्विकसारख्या सायनोअॅक्रिलेट गोंदाबद्दल एक गोष्ट फार कमी मुलांना माहीत असते: तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला की एकदम तापतो, चटका बसण्याइतका. म्हणून तो कापडाने पुसायला जाऊ नकोस. खिडकी उघडी ठेव आणि बाटलीचे तोंड चेहऱ्याकडे धरू नकोस.

पहिले विमान नेमके कोणते करू? मापे द्या.

हातफेकीचे ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरणारे विमान. ही मापे घे:

पंख: ३ मिमी शीट, ३०० × ६० मिमी, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने.
आडवी शेपटी: ११० × ४० मिमी, रेषा लांबीच्या दिशेने, घासून अर्ध्या जाडीची.
उभी शेपटी: साधारण ४५ × ४० मिमी, रेषा खालून वर, तीही घासून पातळ.
दांडी: बांबूची, ३०० मिमी.

३ मिमीच्या एका शीटमध्ये ६० मिमीची एक पट्टी लांबीने काढलीस तर तीन पंख निघतात. उरलेल्या ४० मिमीच्या पट्टीत तिन्ही विमानांच्या शेपट्या बसतात, तरी अर्धी पट्टी उरते.

आता पंख घास. पुढची कड गोल कर, सर्वांत जाड भाग पुढून एक-तृतीयांशावर राहू दे, तिथून मागच्या कडेपर्यंत उतरत ने आणि मागची कड शक्य तितकी पातळ कर. खालची बाजू सपाटच राहू दे. या कामाला एक संध्याकाळ दे. विमान किती वेळ हवेत राहील हे इथेच ठरते, आणि इथे पैसा लागत नाही, फक्त हात लागतो.

पंख मधोमध काप. दोन्ही तुकड्यांची कापलेली कड टेबलाच्या काठाला लावून किंचित तिरपी घास. एक तुकडा बोर्डावर सपाट टाच, दुसऱ्याचे टोक ६० मिमी उंच ठोकळ्यावर टेकव आणि मध्ये गोंद लाव. वाळल्यावर दोन्ही टोके दांडीपेक्षा साधारण ३० मिमी वर दिसतील. याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कलंडले की खाली गेलेल्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सावरते. हा बाक काढून टाकलेले सपाट पंखाचे ग्लायडर वैमानिकाविना सरळ राहत नाही.

पंखाची पुढची कड नाकापासून ८० मिमीवर येईल असा पंख दांडीवर बसव. दांडी अरुंद असते, म्हणून पंखाखाली दोन्ही बाजूंनी बाल्साचे छोटे त्रिकोणी तुकडे चिकटव. आडवी शेपटी अगदी मागे, पंखाला समांतर. समोर हात लांब करून विमान धर आणि बघ: दोन्ही एका पातळीत आहेत का, उभी शेपटी काटकोनात आहे का. गुण्या इथे वापर. नाकाला क्ले लावून सगळे मिळून १२ ते १५ ग्रॅम भरले तर काम छान झाले म्हणायचे.

केले, पण उडत नाही. सरळ नाक खुपसते.

उडेल. बांधणे हे अर्धे काम, उरलेले अर्धे म्हणजे ट्रिमिंग (तोल आणि कडा थोड्या थोड्या बदलून उड्डाण नीट करणे), आणि बहुतेक मुले इथे पोचण्याआधीच विमान माळ्यावर टाकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून २१ ते २४ मिमी मागे, दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण कर. त्या खुणांवर दोन बोटांच्या टोकांवर विमान तोल. नाक वर जात असेल तर नाकाला क्ले लाव. हे जमेपर्यंत फेकायचेच नाही.

मग वारा नसताना, गवत असलेल्या जागी, खांद्याच्या उंचीवरून विमान हळूच पुढे सोड. भिरकावायचे नाही. नाक किंचित खाली, समोर वीस पावलांवरच्या एखाद्या खुणेकडे.

विमान नाक वर करून थबकले आणि मग धपकन खाली आले, तर तो स्टॉल. नाकाला मुगाच्या डाळीएवढी क्ले वाढव, पुन्हा सोड. उलट ते तीराप्रमाणे जमिनीकडे गेले, तर आडव्या शेपटीच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ दे आणि ती केसभर वर वाकव. बाल्सा ओलसर झाला की वाकतो आणि तसाच राहतो. एका वेळी एकच बदल कर आणि प्रत्येक बदल वहीत लिही, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

सरळ, सपाट घसरण जमली की उभ्या शेपटीची मागची कड अगदी थोडी डावीकडे वाकव. विमान डावीकडे मोठे वळण घेऊ लागेल. आता जोरात फेकायला हरकत नाही: उजव्या हाताने फेकत असशील तर उजवा पंख थोडा खाली करून, वर आणि उजवीकडे. ते उजवीकडे चढते, वर पोचल्यावर वेग संपतो आणि डावे वळण घेत उतरते. डावखुऱ्यांनी सगळे उलट करायचे.

रबरावर चालणारे विमान कधी करू?

दोन ग्लायडर नीट उडवल्यावर. रबराची कल्पना जुनी आहे. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर उडवले, आणि ते हवेत ११ सेकंद राहिले. त्याच्याच कल्पनेवरचे खेळण्यातले हेलिकॉप्टर १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिले होते.

प्रोपेलर विकत मिळतो, पण दह्याच्या किंवा आइसक्रीमच्या प्लॅस्टिक कपातूनही पाती कापता येतात. कपाच्या उभ्या रेषेशी साधारण १५ अंश तिरपी कापलीस की त्यांना आपोआप योग्य पीळ मिळतो. प्रोपेलर आणि त्याच्या आधारामध्ये काचेचा बारीक मणी घाल. घर्षण खूप कमी होते.

ऑफिसच्या रबरबँडची साखळी करून शिकता येते, पण पुढे ३ मिमी रुंदीची खास रबरपट्टी घे. ग्लिसरिनमध्ये थोडा द्रव साबण मिसळून रबराला चोळ. खोबरेल, व्हॅसलिन किंवा मशीनचे तेल कधीच नको, त्याने रबर खराब होते. ३० सेंमीच्या एका दुपदरी वेटोळ्याला सुरुवातीला दोनशे फेऱ्या दे आणि हळूहळू वाढव. मित्राने विमान धरायचे, तू रबर तिप्पट ताणून फेऱ्या द्यायला लागायचे आणि अर्ध्या फेऱ्या झाल्या की देता देता जवळ यायचे. ताणून दिलेल्या फेऱ्या जास्त बसतात. डोळ्यांवर चष्मा हवा, रबर तुटले की सपकन येते. वापरल्यावर रबर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेव.

विमान पूर्ण ताकदीत डावीकडे कलंडत असेल किंवा नाक वर करत असेल तर पंखाला हात लावू नकोस. प्रोपेलरच्या आधारामागे कागदाची घडी घालून त्याचे तोंड किंचित खाली आणि उजवीकडे वळव.

पंखावर कागद कोणता? पावसाळ्यात तो सैल पडतो.

सांगाड्याच्या, म्हणजे शीटऐवजी पातळ काड्यांची चौकट करून वर कागद लावलेल्या, पंखाला पतंगाचा कागद चालतो. जपानी टिश्यू या खास पातळ कागदापेक्षा जड आहे, पण संक्रांतीच्या आसपास ताव अगदी स्वस्त मिळतो, तेव्हाच वर्षभराचा घेऊन ठेव. कागदाची लांब रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवून पातळ फेविकॉलने फक्त कडांना चिकटव, मग पाण्याचा बारीक फवारा मार. वाळताना कागद ताणला जातो. त्या वेळी पंख बोर्डाला टाचून ठेव, नाहीतर पिळेल. डोप नावाचे पारंपरिक लुकण घरात वापरू नकोस. ते नायट्रोसेल्युलोजचे असते, झटकन पेटते आणि त्याची वाफ डोक्यात जाते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बाल्साही ओल धरतो. जड होतो, वाकतो. विमान झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. पावसाळा बांधणीचा आणि ऑक्टोबरनंतरचे दिवस उडवण्याचे, असे वर्ष मांडले की बरे पडते. पावसात उडवायचेच असेल तर शाळेचे सभागृह माग. बंद जागेत उडवायच्या विमानांच्या जागतिक स्पर्धा होतात. तिथली सर्वांत हलकी विमाने रबरासकट दोन ग्रॅमच्या आत असतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहतात.

मुलीचा अभ्यास बुडेल का? आणि हे सुरक्षित आहे का?

ग्लायडर बांधताना तुमच्या मुलीला क्षेत्रफळ, घनता, कोन आणि गुरुत्वमध्य हाताने करावे लागते. मार्क वाढतील असे वचन मी देत नाही, पण विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा तिला परका राहणार नाही. पाते आणि फेविक्विक वापरताना पहिल्या काही वेळा शेजारी बसा, नंतर तिला एकटीला करू द्या. महागडे किट आणून देण्यापेक्षा रविवारी सकाळी तिला मैदानावर घेऊन जा आणि विमान धरायला उभे राहा. तिच्या शाळा-कॉलेजात एनसीसीचा एअर विंग असेल तर चौकशी करा. तिथल्या प्रशिक्षणात एअरोमॉडेलिंग असते आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही होते.

कुठे उडवू? परवानगी लागते का?

सूर्य उगवल्यावरचा पहिला तास सर्वांत चांगला, वारा पडलेला असतो. उन्हे चढली की जमीन तापते आणि गरम हवा वर उठते. घारी पंख न हलवता गिरक्या घेत असतील तिथे खाली उभा राहून फेकलेस तर पंधरा ग्रॅमचे विमान नजरेआड जाऊ शकते. त्यामुळे पंखावर घरच्यांचा फोन नंबर लिही. रस्ता, विजेच्या तारा आणि जानेवारीत मांजाचे आकाश टाळ.

लोहगाव, ओझर, देवळाली, खडकवासला अशा लष्करी किंवा हवाई दलाच्या परिसराजवळ राहत असशील तर त्या बाजूला काहीच उडवू नकोस, आणि कुठल्याही विमानतळाजवळही नको. रिमोटवरच्या विमानांना ड्रोन नियम २०२१ लागू होतात. २५० ग्रॅमपर्यंतची विमाने त्यांत सर्वांत छोट्या, नॅनो गटात येतात, तरी सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का ते मोठ्यांसोबत आधी बघ.

रिमोटचे विमान थेटच का करू नये?

करता येते, पण रेडिओ, सर्व्हो (शेपटीच्या कडा हलवणारी छोटी यंत्रे), मोटर, बॅटरी आणि चार्जर मिळून पैसे ग्लायडरच्या कितीतरी पट जातात, आणि पहिल्या उड्डाणात ते सगळे जमिनीवर आदळते. ट्रिमिंग हाताला बसल्यावर जा, आणि पहिले रिमोटचे विमान बाल्साचे न करता फोमचे कर.

पंख मधोमध मोडला. फेकून देऊ?

मुळीच नको. तुकडे मैदानावरच शोध, बारीक चिंधी सापडली तरी उचल. तडा सरळ असेल तर तुकडे एकमेकांत बसवून फेविक्विकचा एक थेंब लाव. कडा चेपल्या असतील तर दोन्ही टोके तिरपी काप, मोडक्या भागाच्या जागी तशाच रेषांचा नवा तुकडा बसव, फेविकॉल लाव आणि वाळल्यावर सपाट घास. तिरपा सांधा उभ्या सांध्यापेक्षा बराच मजबूत असतो, कारण गोंदाला जागा जास्त मिळते. मग पुन्हा वजन कर, पुन्हा बोटांवर तोल आणि पहिल्यापासून हळू फेकीने सुरुवात कर. दुरुस्त केलेला पंख आधीसारखा वाटला तरी त्याचे ट्रिम बदललेले असते.